एकवीस चिंबोऱ्यांचा मान

मेलेला माणूस खोटं बोलत नाही, ही गोष्ट उल्हास खाडीच्या काठी सूर्यचंद्राइतकी पक्की मानली जाते. अडचण एवढीच, की मेलेल्याला बोलायचं तर जिवंत माणसाचं तोंड लागतं. आणि कोपर गावात असं तोंड पुरवण्याचा मक्ता परशुराम भगताकडे होता. त्याने स्वतः जिवंतपणी कधी खरं बोलल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

शके अठराशे अकराच्या आषाढात पोपट म्हातारा गेला. त्याच्या शेताच्या एका अंगाला खाडी होती आणि दोहोंच्या मधे छातीइतका उंच चिखलाचा बांध. या बांधावर पोपटाने चाळीस वर्षं काढली. रोज ओहोटी लागली, की हातात बांबूची काठी घेऊन तो या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत जाई. मधेच थांबे, काठी खुपसे, वाकून पाही, टाचेने दाबी, पुढे जाई. कुणी विचारलंच, तर म्हणे, "बांदाशी बोलतो. घरात बोलन्यापक्षी बरा."

गावाने हे बोलणं शब्दशः घेतलं. म्हाताऱ्याजवळ बांधाचा काहीतरी मंत्र आहे, असं ठरलं. म्हाताऱ्याने खोडून काढलं नाही, कारण मंत्रवाल्या माणसाला लग्नात पहिल्या पंगतीला बसवतात. आषाढात एकदा त्याची वाचा गेली, तीन दिवस तो नुसता आढ्याकडे पाहत राहिला आणि चौथ्या दिवशी मेला. मंत्र मुलाला सांगायचा राहिला, म्हणून गाव हळहळलं.

श्रावणी पौर्णिमेला सकाळी गावाने खाडीला नारळ वाहिला आणि दुपारच्या भरतीला खाडी महिपतच्या शेतात आली. महिपत हा पोपटाचा मुलगा. उघाडीच्या, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दाराच्या, डाव्या हाताला बांधाला दोन पुरुष रुंद खांड पडली आणि लावणी झालेल्या भातात खारं पाणी कमरेइतकं उभं राहिलं. मग महिपत, त्याची बायको शेवंती आणि वस्तीतले चार गडी सहा दिवस चिखल ओढत होते. ओहोटीला उतरायचं, फावड्याने चिखलाचे चौकोनी गोळे कापायचे, हातोहात द्यायचे, खांडीत बसवायचे, पायाने मळायचे. पायाच्या बोटांमधली कातडी कुजून पांढरी पडली. शिंपल्यांनी पोटऱ्या कापल्या, त्यात मीठ भरलं. शेवंतीला रात्री पाय टेकवत नसत, ती गुडघ्यांवर चालून चुलीपाशी जाई. खांड भरली. पिठोरी अमावास्येला ती त्याच जागी परत गेली. पुन्हा सहा दिवस.

आता भाताचे शेंडे तांबडे पडायला लागले होते. पाऊस जोरात पडला तर मूळ धुऊन निघेल, निम्मं तरी हाती लागेल, असं जाणते म्हणत. पण भाद्रपदी पौर्णिमेच्या उधाणाला तिसऱ्यांदा पाणी आलं, की पीक तर गेलंच, वर जमिनीत मीठ मुरणार आणि तीन वर्षं तिथे भाताची काडी उभी राहणार नाही. पौर्णिमेला नऊ दिवस होते.

"भात गेला तं खानारी तोंडा कमी कराया लागतील," महिपत जेवताना म्हणाला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. घरात खाणारी तोंडं तीनच होती. त्यांतलं एक त्याचं होतं, एक शेवंतीचं.

तिसरं मालन आत्येचं. पोपटाची ही धाकटी बहीण विसाव्या वर्षी विधवा होऊन टिटवाळ्याहून माहेरी परतली, तेव्हापासून तीस वर्षं ती या घरात राबत होती. टिटवाळ्याला दीर होता. त्याने तीस वर्षांत तिची चौकशी केली नव्हती, यावरून त्याच्या घरी ती किती हवी होती ते दिसतं. तिने ताटातली अर्धी भाकरी मोडून परत टोपलीत ठेवली.

"महिपत, तुना एक सांगू?"

"सांग."

"बांदाला चिंबोऱ्यांची बिलां हायत. तुजा बापूस ती बुजवाचा. मी भाकर घेऊन जायची रोज, मना दिसाचा. काठी खोचून बगाचा बिल केवरा खोल हाय, मंग चिखल भराचा नि टाच माराचा. दुसरा काय नाय कराचा त्यो."

महिपत चावत होता ते थांबवून हसला. "चालीस वरसां माजा बापूस चिंबोऱ्यांच्या मागं फिरत व्हता?"

"व्हता."

"आते, त्याचे जवल मंत्र व्हता. सगला गाव बोलतंय."

"गावाची भाकर मी नेत नव्हती."

"ऐकलास गं?" महिपत शेवंतीला म्हणाला. "चिंबोरी बांद फोडतेय. उद्या कोलंबी आगगाडी पारील."

शेवंतीही हसली, दिवसभर चिखल ओढून आलेल्या माणसाला हसायला निमित्त पुरतं. आत्येने स्वतः जाऊन ही खेकड्यांची बिळं बुजवावीत, तर तेही बंद होतं. पहिली खांड पडली तेव्हाच परशुराम भगताने तांदूळ टाकून पाहिलं होतं आणि विधवेचा पाय लागल्याने बांधाचा राखणदार कोपला, असं निदान केलं होतं. तिचा पाय तीस वर्षं लागत होता आणि राखणदाराला तो आताच कसा बोचला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्या दिवसापासून आत्येला बांधावर पाय ठेवायची बंदी होती.

दुसऱ्या खांडीनंतर भगताने निदान बदललं. पाय हे कारण आता पुरेसं राहिलं नव्हतं. "पोपटाला बोलवाया लागंल," तो म्हणाला. "त्यालाच इच्यारू मंत्र काय व्हता. मेलेला मानूस खोटा नाय बोलाचा." त्याने सामान सांगितलं: एक काळा कोंबडा, दोन मडकी ताडी, सव्वा पायली तांदूळ, म्हाताऱ्याची काठी, त्याचा रुमाल आणि तंबाखूची चंची. कोंबडा, ताडी आणि तांदूळ विधीनंतर भगताच्या घरी जायचे. काठी, रुमाल आणि चंची पोपटाच्या घरी राहायची. मृताचा आणि भगताचा वाटा असा नीट वेगळा केलेला असतो.

विधी सप्तमीच्या भर दुपारी ठरला. आमच्याकडची भुतं दुपारीही येतात. रात्री भगताला ताडीमुळे नीट दिसत नाही.

त्या दुपारी कल्याणच्या शाळेतले दुय्यम मास्तर विसाजीपंत परचुरे हेही हजर होते. इंग्रजी सहा यत्ता शिकलेल्या या गृहस्थांनी भूतपिशाचादि लोकभ्रमांची शास्त्रोक्त परीक्षा करण्याचा संकल्प सोडला होता आणि त्यांना त्यावर निबंध लिहून कल्याणच्या वाचनमंडळीत वाचायचा होता. डोंबिवलीला आगगाडीतून उतरून ते चिखल तुडवत कोपरला आले, तेव्हा एका हातात छत्री, एका हातात जोडे आणि बगलेत वही होती. अंगणात त्यांच्यासाठी पाट टाकला गेला. त्यांनी तो आधी फुंकला.

"आपण येथे केवळ निरीक्षक आहोत," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे लक्ष देऊ नये."

कुणी देतही नव्हतं.

अंगणात तांदळाचा चौक काढला. चौकात सूप, सुपात काठी, रुमाल, चंची. भगताने काशाच्या थाळीत मेण लावून गवताची लांब काडी उभी केली आणि ओल्या बोटांनी ती वरून खाली ओढायला लागला. थाळी घुमायला लागली. तो आवाज कानात शिरत नाही, दाढेत शिरतो. समोर भगताचा मेहुणा रतन मांडी घालून बसला होता. ज्या माणसाच्या अंगात मेलेला येतो त्याला झाड म्हणतात. रतन हे भगताचं नेहमीचं झाड होतं. तालुक्यातल्या पन्नास तरी मयतांनी त्याचं अंग वापरलं होतं आणि सगळ्यांनी जाताना ताडी मागितली होती.

भगत पोपटाच्या सात पिढ्या म्हणायला लागला. रतनच्या डाव्या गुडघ्याला बारीक थरथर सुटली. थरथर मांडीपर्यंत पोचली. लोक सरसावून बसले. तेवढ्यात ओटीवर भिंतीला टेकून बसलेली मालन आत्ये उठली, केस सोडले आणि चौकात येऊन धाडकन बसली.

"महिपत्या!" ती ओरडली. आवाज हुबेहूब पोपटाचा. तीस वर्षं ऐकलेला आवाज होता, काढायला कठीण नव्हता.

 रतनने भगताकडे पाहिलं. भगताने त्याच्याकडे पाहून डोळे वटारले. रतनचा गुडघा हळूहळू थांबला. एका घरात एक मयत दोन झाडांवर बसत नाही, हा नियम भगतानेच केलेला होता.

"कोन आयलाय?" भगताला विचारावं लागलं.

"तुजा बाप! पोपट हाय मी. वलखलास नाय काय? माजी चंची दे."

चंची दिली. तिने तंबाखू चोळली, तळहातावर दोनदा थापटली आणि डाव्या गालात धरली. पोपट डाव्याच गालात धरीत असे. शेवंतीने तोंडाला पदर लावला. महिपत पुढे होऊन पाया पडला. भाचा आत्येच्या पाया पडतो तसा तो तीस वर्षांत कधी पडला नव्हता.

"थांबा, थांबा," परचुरे मास्तर उठले. "प्रथम परीक्षा झाली पाहिजे." त्यांनी कोटाच्या गळपट्टीतून टाचणी काढली आणि चौकाला वळसा घालून आत्येच्या तळपायाला टोचली. त्या तळपायाने तीस वर्षं खाजणाचा खारा चिखल तुडवला होता. आत्ये हललीसुद्धा नाही. मास्तरांचे डोळे चमकले. वहीत त्यांनी लिहिलं: संवेदना नाही. मग त्यांना शंका आली आणि त्यांनी दंडाला टोचली. आत्येने त्यांच्या हातावर फटका मारला. आधीची ओळ खोडून त्यांनी लिहिलं: ढोंग.

तरी प्रश्न विचारायचा राहिला होता. "आपण पोपट असाल, तर आपला जन्म कोणत्या साली झाला, ते सांगावे."

"मना काय म्हाईत? तुना म्हाईत हाय तं तूच सांग."

अंगणात हशा पिकला. हे उत्तर इतकं पोपटाचं होतं, की ज्यांना थोडीफार शंका होती त्यांचीही गेली. मास्तर पाटावर जाऊन बसले आणि त्यांनी पान उलटलं.

"बाबा," महिपत हात जोडून म्हणाला, "बांद राहत नाय. काय करू सांग. तुजा मंत्र सांग."

आत्येने सगळ्या अंगणाकडे पाहिलं. वस्तीतले सगळे बाप्ये समोर बसले होते आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिने तंबाखू थुंकली.

"चिंबोऱ्या," ती म्हणाली. "बांदातल्या चिंबोऱ्या..."

पुढे तिला बोलता आलं नाही. भगताने मूठभर तांदूळ आणि राख तिच्या तोंडात कोंबली, वर हात दाबून धरला. रतननेही मागून डोकं धरलं. आजच्या दिवसात त्यालाही काहीतरी काम हवं होतं. ती धडपडली, पाय झाडले, काठी सुपातून उडून मास्तरांच्या जोड्यांवर पडली.

यात भगताचा वैयक्तिक राग असेलही, पण रीत तीच होती. आलेल्या मयताने सुपाबाहेरची पहिली वस्तू मागितली, की त्याचं तोंड ताबडतोब बंद करायचं. नाहीतर तो मागतच जातो: कोंबडा मागतो, बोकड मागतो, शेवटी घरातलं माणूस मागतो. सगळ्या पंचक्रोशीत ही रीत आहे आणि त्यामुळे आजवर एकाही मयताचं वाक्य पुरं झालेलं नाही.

"मागितलान!" भगत घाम पुसत म्हणाला. "ऐकलाव सगल्यांनी? चिंबोऱ्यांचा मान मांगतंय पोपट. बांदाला चिंबोऱ्या दे, बोलला. बांदात दे."

"त्याना आवडाच्या पन," शेवंती म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "नांगी तं कोनाला देयाचे नाय."

आत्ये खोकत खोकत राख थुंकत होती. पाण्याचा तांब्या तोंडाला लावून ती म्हणाली, "आरं, ऐका. मान नाय. बिलां बुजवा, मी बोलतांव बिलां..."

"ही कोन बोलतेय?" भगताने विचारलं.

"मी. मालन."

"मंग गप बस. झाड सुदीवर आला का त्याला मयताचा काय आठवत नसतंय. आता तू बोलशील ता तुजा. त्यो बोलला ता त्याचा." तो महिपतकडे वळला. "तुना कोनाचा आयकायचा हाय?"

महिपतला बापाचं ऐकायचं होतं.

परचुरे मास्तरांनाही या बाईचं पुढचं ऐकायची गरज उरली नव्हती. ती पोपट नाही हे त्यांनी टाचणीने सिद्ध केलं होतं. मग ती काय म्हणते याला शास्त्रात स्थान नव्हतं. त्यांनी वहीत नोंद केली: मृताच्या आवडत्या खाद्याचा उल्लेख, असा प्रकार सर्वत्र आढळतो. मग छत्री उचलली, जोडे हातात घेतले आणि संध्याकाळच्या गाडीला निघाले. वाटेत त्यांना बांध लागला. बांधाला बिळं होती. एका बिळात त्यांची छत्री वीतभर गेली, तेव्हा त्यांनी ती काढून रुमालाने पुसली.

मानाच्या चिंबोऱ्या एकवीस आणि जित्या हव्यात, असं भगताने सांगितलं; जो जिता होता त्याला शिजवलेलं, जो मेला त्याला जितं. शिवाय त्या घरच्या बांधातल्या चालत नाहीत. घरचा मान घरच्याला पोचत नाही, तो दुसऱ्याच्या शिवेतून आणावा लागतो. महिपतच्या शेजारची शीव अल्फान्सोची होती. त्याच्या बापाने साष्टीतून इकडे येऊन हे खाजण लागवडीला घेतलं होतं. गावात ख्रिस्ती घर ते एकच. दोघांचे बांध एकाच रेषेत, एकाच चिखलाचे, एकाच खाडीला तोंड देणारे.

महिपत गेला तेव्हा अल्फान्सो दारात वाडग्यातून पेज पीत होता.

"चिंबोऱ्या पायजेत? कवऱ्या?"

"एकवीस. जित्या. तुजे बांदातल्या."

"कनाला?"

"बापूस आयलंता. मांगतंय."

अल्फान्सोने वाडगा खाली ठेवला. त्याने आत बायकोकडे पाहिलं. उर्सुलाने छातीवर क्रूस केला आणि हसू दाबलं.

"ने. लागतील तवऱ्या ने," अल्फान्सो म्हणाला. "पन फादरला कलू देव नको. भुताला चिंबोऱ्या दिल्या बोलंल नि मना वरीसभर घुटन्यांवर बशवील."

"पैशे?"

"तुजे बापाकरनं काय पैशे घेव? शंभर येला त्यानी माजी बिलां दाखवलीन मना. यो बग, यो बग, करून. वैताग यायचा." तो उठला. "चल, मी काढून देतंय. तुना नाय जमाचा, बोटां तोरून घेशील."

अल्फान्सोने लोखंडी आकडा घेतला. दोन ओहोट्या दोघे त्याच्या बांधावर पालथे पडून हात खांद्यापर्यंत बिळात घालत होते. महिपतचा अंगठा एकीने धरला तो तिची नांगी मोडेपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एकवीस भरल्या. रिकामी झालेली बिळं अल्फान्सोने जाता जाता टाचेने बुजवली, सवय म्हणून.

नवमीला मान दिला. नव्याने भरलेली खांड अजून पुरती सुकली नव्हती. भगताने पोपटाची काठी घेतली आणि त्या ओल्या चिखलात ती हातभर खोचून एकवीस भोकं पाडली. प्रत्येक भोकात एकेक चिंबोरी, तिच्या पाठीवर हळदकुंकू, वरून बोटभर चिखलाचं झाकण. प्रत्येक झाकणाला महिपत आणि शेवंती जोडीने पाया पडली. आत्येला बंदी होती. ती शेताच्या आतल्या कडेला, तांबड्या भातात गुडघाभर उभी राहून पाहत होती. भगत आठव्या भोकाला आला तेव्हा ती खाली बसली.

"आतेला बरा नाय काय?" शेवंतीने विचारलं.

"अंगातनं वारा गेला का मानूस असा व्हतंय," भगत म्हणाला आणि नववं भोक पाडलं.

चौथ्या दिवशी सगळी झाकणं आतून फुटलेली दिसली. मान पोचला, असं भगताने जाहीर केलं. त्यानंतर दोन दिवस आत्ये पहाटे अंधारात उठून गेली आणि काठीने तिला जमेल तेवढी भोकं बुजवून आली. दुसऱ्या दिवशी रतनने तिला पाहिलं. त्याने बोंब मारली, भगत आला, मानात विघ्न आलं असं ठरलं आणि तिने बुजवलेली भोकं मंत्र म्हणत पुन्हा उकरण्यात आली. महिपतने तिला घरात कोंडलं. तिथे तिने दोन पायली भात कांडलं.

पौर्णिमेला दुपारी पाऊस नव्हता, वारा नव्हता. भरती हळूहळू, आवाज न करता चढली. महिपत बांधावर उभा होता. आधी आतल्या बाजूला चार ठिकाणी बोटाएवढ्या धारा लागल्या. त्याला वाटलं, शेतातलं पावसाचं पाणी झिरपतंय. मग धारा गढूळ झाल्या. मग खांड एकदम, सबंध, पाट सरकवल्यासारखी शेतात सरकली. या वेळी ती पाच पुरुष रुंद होती. महिपत पाण्याबरोबर भातात गेला आणि पन्नास हातांवर उभा राहिला. तोंडात गेलेलं पाणी त्याने चाखलं. चाखायची गरज नव्हती.

परशुराम भगताने कारण लगेच शोधलं. एकवीसांपैकी एका चिंबोरीची नांगी मोडलेली होती. व्यंग असलेला मान मयत घेत नाही. नांगी कुणाच्या अंगठ्यापायी मोडली, हे महिपतला ठाऊक होतं. परचुरे मास्तरांचा निबंध आश्विनात कल्याणला वाचला गेला. टाचणीच्या भागाला टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी अशा परीक्षांची देशाला किती गरज आहे यावर पाऊण तास भाषण केलं.

मालन आत्येला महिपतने दसऱ्यानंतर टिटवाळ्याला पोचवायचं ठरवलं. मग तोवर कशाला थांबायचं म्हणून पितृपक्षातच पाठवली. तिच्याजवळ एक लुगडं, एक तांब्या आणि शेवंतीने न विचारता बांधून दिलेल्या चार भाकऱ्या होत्या. पोपटाची काठी तिने मागितली. भगत म्हणाला, ती आता देवाची झाली. वाट अल्फान्सोच्या शेताकडेने जात होती. अल्फान्सो बांधावर उभा होता. त्याचं भात हिरवंगार होतं, लोंब्या धरायला लागल्या होत्या.

"मालनबाय, चाललीस?"

"चाललाव."

"परत कवा येशील?"

ती थांबली, त्याच्या बांधाकडे नीट पाहून घेतलं आणि पुढे चालायला लागली.

त्या उधाणात अल्फान्सोच्या बांधाला काही झालं नाही. त्यातल्या एकवीस चिंबोऱ्या आठ दिवस आधीच बाहेर काढलेल्या होत्या.